सोनखुट्याच्या दगडाची अकरावी ओळ

परत आल्यापासून भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "बुलढाण्याकडे गेला होतात म्हणे, दर्शन नीट झाले ना?" पुण्यातल्या माणसाने सत्तरी उलटल्यावर त्या जिल्ह्यात जायचे ते देवदर्शनासाठीच, असा आमच्या सोसायटीचा ठाम समज आहे. त्या समजास एकदाच लेखी उत्तर द्यावे म्हणून हे लिहीत आहे. मी जे पाहावयास गेलो तो एक काळा दगड आहे. चिखली तालुक्यात, अमडापूरच्या पलीकडे, सोनखुटा नावाच्या लहानशा गावात तो रस्त्याच्या कडेला असतो, आणि युरोपात नाझी राजवटीने ठार मारलेल्या दहा ज्यू माणसांची नावे त्यावर कोरलेली आहेत.

हे कळले ते एका पत्रामुळे. मी एका सरकारी खात्यात विधी अधिकारी होतो. निवृत्त झाल्यापासून पत्रे लिहितो. एका रस्त्याच्या कामात एक जुना वीरगळ खडी करण्याच्या यंत्रात घातला गेल्याचे वाचून मी वर्तमानपत्रास जे पत्र लिहिले, ते संपादकांनी बरेचसे दात काढून छापले. तरीही त्यातील उरलेला चावा मोताळा तालुक्यातील रोहिणखेडपर्यंत पोहोचला. तेथील पाथरवट उस्मान मिस्त्री यांचे पत्र आले. ते असे होते: "साहेब, तुमी दगडासाठी भांडता असं पेपरात वाचलं. आमच्या आजाच्या हातचा एक दगड रस्त्यात जाऊन राह्यला. भांडता का?"

मी भांडलो. दगडाची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी समजली, ती येथे सलग देतो. डॉक्टर एमिल हे व्हिएन्नाचे ज्यू डॉक्टर. तिकडे जीव वाचणे अशक्य झाले तेव्हा ते एकटे भारतात आले, फिरत फिरत वऱ्हाडात पोहोचले, आणि सोनखुट्यात दवाखाना काढून मरेपर्यंत तेथेच राहिले. महायुद्ध संपल्यावर त्यांना एक पत्र आले. त्यात त्यांच्या घरच्या दहा माणसांची नावे होती. सर्वांना मारण्यात आले होते. अकरावे माणूस, म्हणजे त्यांच्या बहिणीची मुलगी रूथ, हिचा काहीच ठावठिकाणा नव्हता. डॉक्टरांनी दवाखान्यासमोर, रोग्यांची रांग बसे तेथे, दगड उभा केला. त्यावर दहा नावे त्यांच्या रोमन लिपीत आहेत. खाली अकराव्या ओळीच्या दोन रेघा आखलेल्या आहेत आणि त्या रेघांमध्ये काहीही नाही. माथ्यावर मात्र मराठीत एक वाक्य आहे: "यांपैकी कोणीही आजारी नव्हते."

आयुष्यभर मी आरोपपत्रे वाचली. इतके आटोपशीर आरोपपत्र माझ्या वाचनात दुसरे नाही.

हा दगड रस्ता रुंदीकरणात हटवला जाणार होता, म्हणून रस्ते खात्याला मी सतरा पत्रे पाठवली. त्या पत्रांची भाषा येथे देत नाही, कारण ते खाते अखेरीस नमले: दगड सन्मानपूर्वक वीस फूट मागे घेऊन पुन्हा उभारण्यात येईल, असे त्यांनी लेखी दिले. दरम्यान मी एक पत्र युरोपातील एका अभिलेखागारालाही लिहिले होते, कारण रिकामी ओळ माझ्याने बघवत नाही. तेथून उत्तर आले. सोबत एका यादीच्या पानाची प्रत होती. ज्या गाडीतून माणसे मारण्यासाठी पूर्वेकडे नेली गेली, तिची ती यादी. त्यात रूथ होती. वय नऊ. व्यवसायाच्या रकान्यात लिहिले होते: शाळेत जाते. त्या गाडीतून कोणी परतले नाही, असे पत्रात स्पष्ट नमूद केलेले होते.

मी उस्मान मिस्त्रींना दूरध्वनी केला की अकरावे नाव कोरावयाचे आहे, तयारीत राहा. दोन दिवसांनी त्यांचा उलट निरोप आला: "गिरजामाय नाव घालू नका म्हनते." गिरजामाय कोण, तिचा संबंध काय, हे विचारून मी रागाने फोन ठेवला, आणि पिशवी भरली.

दुसरबीड

खासगी गाडीने जालन्याहून पुढे निघालो. दुसरबीडला चालकाने गाडी चहासाठी थांबवली. तिकिटावर या थांब्याचा उल्लेख नव्हता. मी खाली उतरलो, हॉटेलच्या बाकावर बसलो आणि ही बाब वहीत नोंदवू लागलो. दुसऱ्या परिच्छेदावर असताना मान वर केली, तेव्हा गाडी निघून गेलेली होती. माझी पिशवी, आणि पिशवीत तो यादीचा कागद, गाडीत.

हॉटेलवाला भज्यांचा घाणा काढत होता. झाऱ्या तसाच हातात धरून तो बाहेर आला.

"ओ काका, गाडी गेली ना तुमची! एवढं काय लिहून राह्यले?"

"तक्रार."

"कोनाची?"

"त्याच गाडीची."

"मंग आता देता कोनाले? तक्रार अठी अन् गाडी तिकडं!"

बाकावर बसलेले सगळे हसले. मी हसलो नाही. परंतु हे मान्य केले पाहिजे की युक्तिवाद बिनतोड होता. माझा चेहरा पाहून तो माणूस एकदम गंभीर झाला. त्याने पुढच्या थांब्यावरच्या आपल्या साडूला फोन लावला, खिडकीजवळची खाकी पिशवी उतरवून घ्यायला सांगितले, आणि मला म्हणाला, "बसा. येते परत. काय हाय तीत, सोनंनाणं?"

"एक कागद आहे."

"कागदासाठी एवढा घाम फुटला तुमाले?" असे म्हणत त्याने माझ्यासमोर मिरचीची भजी ठेवली.

दीड तासाने उलट येणाऱ्या एका मालवाहू टेम्पोतून पिशवी आली. पुण्यात माझ्या शेजाऱ्याचे चुकून माझ्याकडे आलेले टपाल मी नेऊन दिले, तेव्हा त्याने दाराच्या साखळीतून हात बाहेर काढला होता. दुसरबीडच्या त्या गृहस्थाने मला चिखलीकडे जाणाऱ्या जीपमध्ये स्वतः बसवले, पिशवी मांडीवर ठेवली आणि चालकाला बजावले, "काकाइले वही काढू देऊ नको, कुठीतरी उतरून जातील." वहीतली ती तक्रार मी पुढे खोडून टाकली. माझ्या आयुष्यात मागे घेतलेली ही पहिली तक्रार.

रोहिणखेड

बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून रोहिणखेडला गेलो. पाऊस संपलेला, सोयाबीनची काढणी चालू. रस्त्याची अर्धी बाजू शेतकऱ्यांनी वाळवणाला घेतलेली होती. सार्वजनिक रस्त्यावर धान्य पसरणे योग्य नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण सकाळच्या उन्हात ते पिवळे पट्टे मैल-मैल पसरलेले पाहून मी गप्प बसलो.

गावची जुनी मशीद काळ्या दगडाची आहे. उस्मान मिस्त्रींनी मला प्रथम तेथेच नेले. साठीचा सडसडीत माणूस, भुवयांवर कायमची दगडाची भुकटी. मशिदीच्या भिंतीवर तळहात ठेवून ते म्हणाले, "साहेब, हे कोनी घडवलं आमाले माईत नाई. पन आजा आमाले लहानपनी अठी आनून सांध्यात नख घालाले लावे. नख गेलं नाई का म्हने, असं काम करा."

"आणि सोनखुट्याचे काम? ती अक्षरे तर त्यांना वाचता येत नसतील."

"मलेही नाई येत. डाक्टर खडूनं लिहून देत, आजा त्याच्यावर टाकी चालवे. दगडाले वाचता येत नाई अन् आमालेही नाई, म्हनून आमचं जमते."

जेवायला त्यांच्या घरी कळण्याची भाकर होती. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, करड्या रंगाची, खरपूस. सोबत मिरचीचा ठेचा आणि त्यावर शेंगदाण्याचे कच्चे तेल. आमच्याकडे ठेचा पानात डावीकडे, बोटभर असतो. येथे तो मध्यभागी असतो आणि भाकर त्याच्या सोयीने घेतात. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मिस्त्रींच्या पत्नी दारामागून म्हणाल्या, "साहेबाइले दही द्या, पुन्याचे हायेत." त्या "पुन्याचे" शब्दात इतकी दया होती की मी दही नाकारले आणि आणखी ठेचा मागितला. त्याचे परिणाम मी येथे नोंदवीत नाही.

जेवणानंतर मी मुद्द्यावर आलो. यादीची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. पुरावा सादर केला, वय सांगितले. त्यांनी कागद पुन्हा घडी करून माझ्याकडे दिला.

"नऊ वर्साचं लेकरू," ते म्हणाले. "पन साहेब, माय हाव म्हनल तवाच मी टाकी लावीन."

"तिचा अधिकार काय? ती वारस नाही. नातेवाईक नाही. ग्रामपंचायतीची सदस्यसुद्धा नाही!"

"सर्वपित्रीले त्या दहा जनाचे पानं कोन वाढते?"

हे मला ठाऊक नव्हते.

"गिरजामाय वाढते. तिच्या आधी तिची माय वाढे. डाक्टरच्या मागं करनारं कोनी नव्हतं ना. दर वर्साले दहा पानं, दहा नावं घेऊन. तिचा नाई तर मंग कोनाचा अधिकार, तुमीच सांगा. तुमी तर कायद्याचे मानूस."

दाव्यास उभे राहण्याचा हक्क कोणाला, या विषयावर मी एकेकाळी बावन्न पानांचे टिपण लिहिले होते. त्यात वाढलेल्या पानांचा विचार केलेला नव्हता.

सोनखुटा

मिस्त्रींची हत्यारे आणि आम्ही दोघे असे जीपने अमडापूरमार्गे सोनखुट्यास पोहोचलो. दगड दवाखान्याच्या जुन्या जागेत, कडुनिंबाखाली, गोणपाटांवर आडवा निजवलेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र येऊन तो नव्या चौथऱ्यावर उभा करणार होते. म्हणजे कोरायचे ते त्यापूर्वीच.

आणि त्या नावांवर खडे पडलेले होते! चांगले ओंजळ-दीड ओंजळ. रस्त्याच्या मजुरांनी खडी टाकली असावी, असे वाटून माझ्या अंगाची आग झाली. मी दोन्ही हातांनी ते सारे खडे झाडून खाली लोटले, आणि मजुरांच्या मुकादमाचे नाव विचारण्यासाठी वळलो, तोच मागून आवाज आला.

"ओ वकीलसाहेब! ते खडे उचला पहिले."

ऐंशी पार केलेली, ताठ, पांढऱ्या पातळातली बाई. हीच गिरजाबाई, डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेली परिचारिका. गाव अजूनही तिला गिरजा नर्स म्हणते.

"मी वकील नाही. मी निवृत्त विधी अधिकारी—"

"असाल. खडे उचला."

मी उकिडवा बसून खडे गोळा केले. उस्मान मिस्त्री तोंड फिरवून कडुनिंबाकडे पाहत होते. त्यांचे खांदे हलत होते. गिरजाबाईंनी एकेक खडा माझ्या ओंजळीतून घेऊन दगडावर परत ठेवला. डॉक्टर दर शुक्रवारी एक खडा ठेवत, त्यांच्या लोकांत मेलेल्यांसाठी तशी रीत आहे, असे त्यांनी मला सांगितले. पुढे बरे झालेले रोगीही ठेवू लागले. "फूल सुकते, खडा राह्यते, असं म्हनत ते. गावानं धरून ठेवलं." पुण्यात आम्ही पुतळ्याला जयंतीस हार घालतो आणि तो वाळून काळा होईपर्यंत त्याच्याखालून जातो. ही तुलना मी त्यांना सांगितली. त्या म्हणाल्या, "हाराले चांगलं दिसाचं असते. खड्याले काय पडलं!"

मग मी माझे म्हणणे मांडले. उभा राहूनच मांडले, सवयीने. दहा खुनांची नोंद आणि अकराव्याची नाही, हे अपूर्ण आरोपपत्र होय. ज्याला मारले त्याचे नाव लिहिले जाणे हा त्याचा शेवटचा हक्क आहे. शिवाय साक्षीपुराव्याच्या कायद्यानुसार, ज्याची सात वर्षे काहीही खबर नाही त्याच्याबाबत—

"सात वर्सं?" गिरजाबाईंनी मला तोडले. "सात वर्सानं मानूस मरते का?"

"मरतो असे कायदा म्हणत नाही. तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे, असे म्हणतो."

"मंग करते ना मी सिद्ध. या, जेवाले या आधी."

जेवायला रोडगे होते. गव्हाच्या जाड्या पिठाचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, फोडून त्यात तूप ओतलेले. सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. गिरजाबाईंच्या सुनेने माझ्या पानात चौथा रोडगा टाकला, तेव्हा मी हरकत घेतली. तिने ती फेटाळली. अपिलाची सोय नव्हती.

हात धुऊन झाल्यावर गिरजाबाईंनी फडताळातून एक हिरवा खण काढून माझ्यासमोर ठेवला. नवीन, घडी न मोडलेला.

"हा यंदाच्या दिवाळीचा. रूथबाईचा."

मला प्रथम काहीच उमगेना. त्या सांगत गेल्या. रूथ ही डॉक्टरांची भाची. आणि भाचीचे कोडकौतुक करावे ते मामाने. डॉक्टर दर दिवाळीला तिच्या नावाने एक चोळीचा खण आणून ठेवत. सापडली की सगळे एकदम देईन, म्हणत. दगडावर नाव घातले तर सर्वपित्रीला तिचे पान मांडावे लागेल, आणि जिचे पान मांडले तिला दिवाळीचा खण कसा द्यायचा? म्हणून ओळ आखली, नाव घातले नाही. डॉक्टर गेल्यावर खण गिरजाबाई ठेवू लागल्या. खण साठवून कसर लागते म्हणून दर वर्षी गावात जी सून माहेर नसलेली, आईबाप गेलेली, तिला तो देत.

"रूथबाईनं धाडला म्हनून देते. एवढ्या बायाइले तिच्या नावानं माहेर झालं, वकीलसाहेब. मेलेलं मानूस माहेर करते का? झालं का सिद्ध?"

"डॉक्टर तिच्याबद्दल काय सांगत?" मी विचारले.

"हे काय, दर दिवाळीले हिशेब करत ना ते. आता ती अठराची झाली असंन. आता लग्न झालं असंन. एका वर्सी म्हने, गिरजा, आता तिले लेकरं असतील बरं का, एक मुलगा अन् एक मुलगी. म्या इचारलं, तुमाले कसं ठाऊक? तर म्हने, तिच्या वयाले एवढं होतेच. आता तर नातवंडं असतील रूथबाईले. माह्यापेक्षा मोठी ना ती."

मी उस्मान मिस्त्रींकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली. त्यांना वय माहीत होते. रोहिणखेडपासून येथवर जीपमध्ये ते एक अक्षर का बोलले नव्हते, ते मला तेव्हा समजले.

माझ्या स्वभावाविषयी मित्रांचे म्हणणे असे, की मला खरे बोलल्यावाचून राहवत नाही आणि गोड बोलणे जमत नाही. त्या दुपारी प्रथमच मला वाटले की तो कागद दुसरबीडच्या गाडीतून परत आला नसता तर बरे झाले असते. परंतु तो माझ्याजवळ होता. त्या बाई प्रत्येक सर्वपित्रीला दहा मेलेल्यांना जेवू घालत होत्या. अकरावी कोठे आहे हे मी जाणत होतो आणि त्या जाणत नव्हत्या. हे लपवण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? आणि एका मुलीच्या खुनाबद्दल तिचे मारेकरी जसे गप्प बसले, तसे मीही बसायचे?

मी कागद उलगडला. वकिली स्वर बाजूला ठेवून जेवढे साधे सांगता येईल तेवढे सांगितले. ही त्या गाडीची यादी. हे तिचे नाव. हे तिचे वय.

"किती?"

"नऊ."

गिरजाबाईंनी खणाची घडी उचलली, पुन्हा ठेवली. सून दारात येऊन उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. बाहेर मळणीयंत्राचा आवाज चालू होता.

"नऊ वर्साची पोट्टी," त्या शेवटी म्हणाल्या. "अन् आमी तिले बाई म्हनून राह्यलो. चोळीचे खण घेऊन राह्यलो." थोड्या वेळाने म्हणाल्या, "डाक्टर दिवाळीले तिचं लग्न करत होते, तवा ती कवाचीच गेली होती म्हना की."

"होय."

"बरं झालं, त्याइले कळलं नाई." मग लगेच मान हलवून म्हणाल्या, "नाई. बरं नाई झालं. लेकरू एवढे वर्सं उपाशी राह्यलं. दहा पानं मांडली, अकरावं नाई मांडलं."

मी क्षमा मागू लागलो. त्यांनी हाताने थांबवले.

"एकटी होती का ती गाडीत?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. इतक्या वेळा यादी वाचली होती, ती केवळ अकराव्या नावासाठी. आता वरची ओळ वाचली. तिच्या लगेच वर तिच्या आईचे नाव होते, डॉक्टरांच्या बहिणीचे, क्रमांक लागोपाठचे.

"एकटी नव्हती. आई शेजारी होती. आधी आई, तिच्याखाली ही."

"अन् दगडावर माय कितवी?"

"तिसरी."

"मंग तुमी पोट्टीले शेवटच्या ओळीत काऊन टाकता?" त्या ताडकन म्हणाल्या. सोनखुट्यात आल्यापासून त्यांनी एवढा आवाज चढवला नव्हता. "त्या लोकाइनंसुद्धा मायपासून दूर नाई केली तिले, अन् तुमी आठ ओळी खाली नेऊन बसवता? एकटी? उस्मान, मायजवळ बसते का रे नाव?"

आम्ही तिघे उठून कडुनिंबाखाली गेलो. उस्मान मिस्त्री गुडघे टेकून बसले, खडे बाजूला घेतले आणि तिसऱ्या व चौथ्या ओळीमधल्या जागेत आडवे बोट ठेवले.

"बोटभर जागा हाय, माय. मोठं अक्षर नाई बसनार. बारीक बसन."

"बारीकच पाह्यजे. लेकराचं हाय."

मी हरकती घेतल्या, कारण त्या घेण्याजोग्या होत्या. मूळ कोरीव कामाशी अक्षरांचा आकार जुळणार नाही. डॉक्टरांनी अकरावी ओळ आखून ठेवली होती. त्यांची इच्छा मोडते. रस्ते खात्याकडे मी दिलेल्या नकाशात नाव शेवटच्या ओळीत दाखवले आहे.

गिरजाबाईंनी सारे ऐकून घेतले. "डाक्टरनं ओळ आखली तवा पोट्टी जित्ती होती त्याच्या मनात. जिती मानसं शेवटी राह्यतात. आता ती मायजवळ जाईन. ओळ राहू द्या रिकामी. ज्याइचं कोनीच नाव सांगनारं उरलं नाई, त्याइच्यासाठी राहू द्या."

मी नकाशाचा विषय सोडून दिला.

दुसरा दिवस

सकाळी मी खडूने नाव लिहिले. माझे अक्षर मोठे, सरकारी वळणाचे. बोटभर जागेत ते मावेना. तीनदा पुसून चौथ्यांदा जमले. उस्मान मिस्त्रींनी सर्वांत बारीक टाकी काढली, फुंकर मारून खडूची पूड उडवली आणि काम सुरू केले. चार अक्षरांना तीन तास लागले. मध्ये एकदा ते थांबून म्हणाले, "साहेब, आजाच्या अक्षराशेजारी माहं अक्षर. हात कापून राह्यला." गिरजाबाई म्हणाल्या, "चहा घे. कापू देऊ नको, तिले टोचन."

गावातल्या चार-पाच बाया आल्या होत्या. त्यातल्या एकीच्या अंगात हिरव्या खणाची चोळी होती, गेल्या दिवाळीची. काय ठरले हे तिला कळले होते. ती गिरजाबाईंना हळूच म्हणाली, "मंग आता खण नाई का धाडनार ती?"

"धाडन ना. यंदापासून परकराचं कापड घेऊ. शाळेत जानाऱ्या एखाद्या पोट्टीले देऊ. हे मोठ्या मानसाचं सोंग लय झालं तिले."

काम संपल्यावर बाईंनी पदराने भुकटी पुसली. वाचता येत नसलेली ती अक्षरे त्यांना नावागणिक पाठ होती. वरून बोट फिरवत त्यांनी एकेक नाव घेतले, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे, वऱ्हाडी हेलात. तिसऱ्या नावाखाली बोट आले तेव्हा म्हणाल्या, "रूथ." आणि पुढे गेल्या. दुपारी यंत्र आले, दगड उभा राहिला. रस्ते खात्याच्या अभियंत्याने माझ्याकडे भीतभीत पाहिले. त्याचे काम नीट होते. मी तसे त्याला सांगितले, तर त्याचा विश्वास बसेना.

आता जाणाऱ्यांसाठी. चिखलीहून अमडापूर, तेथून सोनखुट्यास जीप मिळते. खाण्याची चिंता करू नये. खाण्यास नकार देण्याची तयारी ठेवावी, ती निष्फळ ठरेल. दगडावर हार घालू नये. खडा वाटेतून उचलून न्यावा, आणि तेथे असलेल्या खड्यांना हात लावू नये. मी लावला आहे, तेवढे पुरे.

पुण्यास परतल्यावर मी रस्ते खात्याला अठरावे पत्र लिहिले. ते आतापर्यंतचे सर्वांत लहान आहे. मजकूर येथे संपूर्ण देतो.

"महोदय, सोनखुटा येथील स्मारकशिलेसंबंधी मी पूर्वी सादर केलेला नकाशा चुकीचा असून तो रद्द समजावा. शिलेवरील शेवटची ओळ रिकामी आहे. ती भरू नये. तिसऱ्या ओळीखालील अक्षरे इतर अक्षरांपेक्षा लहान आहेत. तो कामातील दोष समजून कोणीही ती कधीही दुरुस्त करू नयेत, ही विनंती."